बँडसॉच्या पट्ट्याची धार आणि दगडाची निगा : नव्याने धारेच्या मशीनवर बसणाऱ्यांसाठी

पट्टा मधेच तुटला की तुटलेले टोक उजेडात धरा आणि तडा कुठून सुरू झाला ते बघा. पुष्कळदा तो दोन दातांमधल्या गोल खळग्याच्या, म्हणजे गलेटच्या, तळातून निघालेला असतो. नीट पाहिले तर त्याच जागी निळसर डाग दिसतो. हा डाग लाकडाचा नाही, धारेच्या दगडाचा आहे. बोथट झालेला किंवा आकार बिघडलेला दगड पोलाद कापत नाही, नुसता घासतो. घासलेली जागा क्षणात लालभडक तापते, बाजूचे थंड पोलाद ती उष्णता लगेच ओढून घेते आणि वरचा पापुद्रा काचेसारखा कडक होतो. पट्टा चाकांवरून मिनिटाला शेकडो वेळा वाकतो आणि सरळ होतो. कडक पापुद्र्याला वाकता येत नाही, म्हणून तो तडकतो आणि तडा पुढे सरकत राहतो.

पट्टा वारंवार तुटत असेल तर नवा पट्टा मागवण्याआधी दगड तपासा. बहुतेक सॉ मिलमध्ये ३६ ते ४८ इंची चाकांच्या उभ्या बँडसॉचे रुंद पट्टे ऑटोमॅटिक धार मशीनवर, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या भाजलेल्या दगडाने घासले जातात. पुढची माहिती मुख्यतः त्याच दगडाची आहे. आडव्या मिलच्या अरुंद पट्ट्यांसाठी वापरतात त्या सीबीएन (कठीण कणांचा थर दिलेल्या पोलादी) चाकाची निगा अगदी वेगळी, ती शेवटाकडे सांगितली आहे. इथे ‘दगड’ म्हणजे ग्राइंडिंग व्हील किंवा एमरी व्हील, आणि ‘चाक’ म्हणजे बँडसॉचे मोठे चाक, असे धरून चला. फक्त सीबीएनला सगळेच चाक म्हणतात, म्हणून तिथे तोच शब्द ठेवला आहे.

१. हाताशी काय हवे

- एकाच मापाचे आणि एकाच ग्रेडचे निदान दोन दगड. एक मशीनवर, एक तयार ठेवलेला.
- ड्रेसिंग स्टिक, म्हणजे दगडाची कड साफ करून पुन्हा खरखरीत करायची कांडी, काळ्या सिलिकॉन कार्बाइडची. रोजच्या कामाला हीच लागते.
- त्याच कामाचा, एका टोकाचा डायमंड (हिऱ्याचा) ड्रेसर. मशीनवर तो पक्का धरायची सोय असेल तरच घ्या. हातात धरून हिरा वापरायचा नाही.
- नव्या पट्ट्याचा चार-पाच दातांचा तुकडा. याचा उपयोग सहाव्या पायरीत येतो.
- मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, एक गुण्या, एक बारीक कानस.
- लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, दगड वाजवून बघायला.
- बंद बाजूंचा गॉगल आणि धुळीचा मास्क.
- एक वही. दगड कधी बसवला, तेव्हा व्यास किती होता, किती पट्टे झाले, एवढे लिहिले तरी पुरे.

पट्टा उचलताना, गुंडाळताना जाड हातमोजे घाला. दगड सुरू करण्याआधी ते काढून ठेवा, कारण फिरत्या स्पिंडलमध्ये, म्हणजे दगडाच्या दांड्यात, हातमोजा अडकला की हातही ओढला जातो.

जागेबद्दल एकच अट, पण ती सोडू नका. धारेचे मशीन भुशापासून वेगळ्या खोलीत किंवा आडोशाला असावे. ठिणगी भुशात पडली तर लगेच पेट घेत नाही, आत तासन्‌तास धुमसते आणि मिल बंद झाल्यावर रात्री भडकते. मशीनच्या खालचा लोखंडी कीस आणि भुसा एकत्र साठू देऊ नका.

२. दगडावरचा मजकूर वाचा

दगडाच्या मधल्या कागदी लेबलवर ए ६० एम ५ व्ही असे काहीतरी छापलेले असते. प्रत्येक अक्षराला अर्थ आहे.

‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. पोलादाला हाच लागतो. पांढऱ्या दगडाचा कण ठिसूळ असतो, तो लवकर फुटून नवी धार देतो म्हणून कमी तापतो. करड्या-तपकिरी दगडाचा कण चिवट असतो, तो आकार जास्त टिकवतो. हिरवा दगड सिलिकॉन कार्बाइडचा, तो दातांना लावलेल्या कार्बाइडच्या कठीण टोकांसाठी असतो. पट्ट्याच्या पोलादावर तो वापरू नका, लवकर बोथट होतो.

६० हा कणाचा आकार. आकडा वाढला की कण बारीक होतो. रुंद पट्ट्याला ६० ठीक चालतो. बारीक दातांच्या अरुंद पट्ट्याला ८० पर्यंत जाता येते, पण दगड जितका बारीक तितका त्याची छिद्रे किसाने भरण्याचा आणि पट्टा तापण्याचा धोका जास्त.

‘एम’ ही ग्रेड, म्हणजे कण किती घट्ट धरून ठेवले आहेत. ग्रेडच्या अक्षरांत ए सगळ्यात मऊ, झेड सगळ्यात कडक. नवा माणूस हमखास इथे चुकतो. कडक दगड जास्त टिकतो म्हणून तो चांगला, असे वाटते. पण कडक दगड बोथट झालेला कणसुद्धा सोडत नाही आणि पट्टा जाळतो. दगड थोडा झिजलाच पाहिजे, त्याच्या झिजण्यातूनच नवी धार पुढे येते. पट्टा जळत असेल तर ग्रेडचे एक अक्षर खाली या. दगडाचा आकार पाच-दहा दातांतच बिघडत असेल तर एक अक्षर वर जा. एका वेळी एकच अक्षर बदला.

५ ही कणांमधली मोकळीक आणि ‘व्ही’ म्हणजे व्हिट्रिफाइड, भट्टीत भाजलेल्या मातीने बांधलेला दगड. ‘बी’ असेल तर तो राळेच्या बंधाचा, म्हणजे रेझिनॉइड. राळेच्या दगडाला मुदत असते. लेबलवरची तारीख बघून घ्या, उलटून गेली असेल तर परत करा.

लेबलवरचा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे कमाल फेरे, आरपीएम. त्याला स्वतंत्र पायरी दिली आहे.

३. वेगाचा हिशेब कागदावर करा

दगड फुटून झालेल्या अपघातांत चुकीचा वेग हे मोठे कारण असते. हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे.

परिघाचा वेग (मीटर दर सेकंदाला) = ३.१४ × व्यास (मि.मी.) × फेरे (दर मिनिटाला) ÷ ६०,०००

व्हिट्रिफाइड दगडाची नेहमीची कमाल मर्यादा ३३ ते ३५ मीटर असते. धारेला २५ ते ३० मीटर वेग चांगला. आता उदाहरण घ्या. मोटर १४४० फेऱ्यांची, तिच्यावर १०० मि.मी.ची पुली, दगडाच्या स्पिंडलवर ५० मि.मी.ची. स्पिंडल फिरणार २८८० फेरे. दगड २०० मि.मी.चा असेल तर परिघाचा वेग ३० मीटर, म्हणजे योग्य. त्याच स्पिंडलवर २५० मि.मी.चा दगड चढवला तर वेग होतो साडेसदतीस मीटरच्या पुढे. मर्यादा ओलांडली. गार्डमध्ये मोठा दगड मावतो म्हणून तो चालतो, असे नसते.

दुसरा सापळा हळूहळू तयार होतो. २०० चा दगड झिजून १५० वर आला की परिघाचा वेग साडेबावीस मीटरवर येतो. वेग उतरला की दगड मऊ असल्यासारखा वागतो, भराभर झिजतो, आकार धरत नाही. मग कोणीतरी स्पिंडलची ५० ची पुली काढून ४० ची बसवतो. फेरे ३६०० होतात, झिजलेल्या दगडाला वेग मिळतो, काम छान चालते. काही दिवसांनी तो दगड संपतो, दुसऱ्या पाळीचा माणूस नवा २०० चा दगड चढवतो आणि पुली तशीच राहते. वेग आता ३७.७ मीटर. वेग सव्वापट झाला तर दगडाला आतून फाडणारा ताण दीडपटीहून जास्त होतो, कारण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो.

म्हणूनच कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३० मध्ये घासकामाच्या प्रत्येक यंत्राजवळ सूचना लावायला सांगितले होते : दगडाचा सुरक्षित कमाल परिघ-वेग, स्पिंडलचा वेग आणि तो वेग राखायला लागणारा पुलीचा व्यास. पुलीचा व्यास त्यात मुद्दाम घातला होता. एका पत्र्यावर हे तीन आकडे रंगवा आणि मशीनला लावा. तुमची मिल लहान असो, मोठी असो, तो पत्रा पुढच्या माणसाला वाचवतो. झिजलेल्या दगडासाठी पुली बदलण्यापेक्षा दगडच बदला.

४. दगड वाजवून बघा

बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून बघतात, तसेच इथेही. व्हिट्रिफाइड दगडसुद्धा भाजलेल्या मातीनेच बांधलेला असतो, म्हणून कानाला तोच नियम लागू पडतो.

दगड कोरडा करा, भुसा-धूळ झटका. मधल्या भोकात बोट किंवा पिन घालून तो लोंबता धरा. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. ठोकायची जागा ठरलेली आहे : उभ्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे ४५ अंशांवर आणि कडेपासून २५ ते ५० मि.मी. आत. मग दगड ४५ अंश फिरवून पुन्हा. अखंड दगड स्वच्छ, लांब ठणका देतो. तडा असलेला ‘थप्प’ असा बसका आवाज करतो. राळेच्या दगडाचा आवाज मुळातच थोडा दबका असतो आणि ओल्या दगडाचाही, त्यामुळे दोन सारख्या दगडांची तुलना करून ठरवा.

नवा दगड आणल्यावर एकदा आणि मशीनवर चढवण्याआधी पुन्हा एकदा, अशी दोनदा ही तपासणी करा. हातातून पडलेला दगड वाजवून चांगला वाटला तरी वापरू नका. तो फोडून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही.

५. दगड बसवणे

मशीनचा मुख्य स्विच बंद करा. स्पिंडल पुसा. स्पिंडलच्या खांद्यावर किंवा फ्लँजवर (दगडाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्यांवर) चिकटलेला जुना कागद, गंज, कीस खरवडून काढा. राईएवढा कण राहिला तरी दगड वाकडा बसतो.

दगड स्पिंडलवर हाताने, सहज सरकला पाहिजे. ३१.७५ मि.मी. भोकाचा दगड ३२ मि.मी.च्या स्पिंडलवर जात नाही. पाव मिलिमीटरचाच फरक आहे, म्हणून कानशीने भोक मोठे करायचा किंवा ठोकून बसवायचा मोह होतो. दोन्ही गोष्टी दगडाला आतून तडा देतात. भोक मोठे असेल तर योग्य मापाचा बुश घाला, कागद गुंडाळून जागा भरू नका.

दोन्ही बाजूंचे फ्लँज सारख्याच व्यासाचे, दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, आणि मध्यभागी खोलगट असावेत, म्हणजे दाब फक्त बाहेरच्या कड्यावर येतो. फ्लँज आणि दगड यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा वॉशर हवाच. बहुतेक दगडांना तो चिकटवलेलाच येतो, तो काढू नका. फ्लँज हरवला म्हणून साधा लोखंडी वॉशर लावणे ही अनेक ठिकाणी दिसणारी चूक आहे. त्याने सगळा दाब भोकाजवळ येतो.

नट साध्या पान्याने, दगड घसरणार नाही इतपतच आवळा. पान्याला पाइप लावून जोर काढू नका. नटाची आटी उलटी असू शकते. दगड फिरताना नट आपोआप आवळला जावा म्हणून तशी रचना असते, तेव्हा उलट दिशेने फिरवून नट झिजवण्याआधी आटी बघा.

गार्ड लावा, दगड हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा. मग मशीन सुरू करून बाजूला उभे राहा, दगडाच्या रेषेत नाही. निदान एक मिनिट मोकळा फिरू द्या. फुटणारा दगड बहुतेक वेळा याच मिनिटात फुटतो.

थरथर जाणवली तर मशीन बंद करून डायल गेजने स्पिंडल तपासा. स्पिंडल ०.०२-०.०३ मि.मी.हून जास्त हलत असेल तर बेअरिंग गेले आहे. त्यावर कितीही चांगला दगड चढवा, गलेटमध्ये आडव्या रेघा उठतीलच. शेवटी गुण्या लावून दगडाची बाजू पट्ट्याच्या अंगाशी काटकोनात आहे का ते बघा. दगड तिरपा असेल तर सगळे दात एका बाजूला कललेले घासले जातात आणि मिलवर पट्टा त्या बाजूला ओढतो. फळी लाटा घेऊन निघते आणि दोष सेटिंगवर, म्हणजे दात डावी-उजवीकडे वाकवण्यावर, ढकलला जातो.

६. ड्रेसिंग : दगडाला टाकी लावणे

जात्याचा खडबडीतपणा गेला की पीठ नीट निघत नाही, गरम होते. मग पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. धारेच्या दगडाचे दुखणे हेच आहे आणि औषधही हेच.

आधी रोग ओळखा. दगड थांबवून त्याच्या कडेवर टॉर्चचा उजेड तिरपा टाका. ताज्या दगडाची कड साखरेसारखी चमचमते, पण बोट फिरवले तर खरखरीत लागते. *चकाकलेल्या* दगडाची कड गुळगुळीत, ओल्या फरशीसारखी दिसते. म्हणजे कण बोथट झाले, पण सुटले नाहीत. असे पुन्हा पुन्हा होत असेल तर ग्रेड जास्त कडक आहे. *भरलेल्या* दगडावर काळे-करडे ठिपके दिसतात. लोखंडाचा कीस आणि लाकडाचा डिंक छिद्रांत बसलेला असतो. असे पुन्हा पुन्हा होत असेल तर पट्टा न पुसता मशीनवर चढतो आहे.

आता ड्रेसिंगचा क्रम.

गॉगल आणि मास्क लावा. पट्टा मशीनवरून बाजूला करा किंवा दगडाचे डोके वर उचलून अडकवा. दगड पूर्ण वेगात येऊ द्या. स्टिक दोन्ही हातांनी, आधारावर टेकवून धरा, हवेत धरू नका. आधी कडेचा सपाट भाग घ्या. हलका दाब, डावीकडून उजवीकडे सलग सरकवत. जिथे थांबाल तिथे खड्डा पडेल. मग दाताचा पुढचा चेहरा घासणारी बाजू, कडेपासून दहा-बारा मिलिमीटर आतपर्यंत साफ करा. ही बाजू बरेच जण सोडून देतात, आणि दाताचा चेहरा जळतो तो इथेच.

शेवटी कोपऱ्याची गोलाई. हेच खरे कौशल्य आहे. गलेटचा तळ गोल हवा, त्यात कुठेही कोपरा किंवा पायरी नको, कारण तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. दगडाच्या कोपऱ्याची गोलाई जशी असेल तसाच गलेट तयार होतो. त्यासाठी नव्या पट्ट्याचा तुकडा जपून ठेवायला सांगितले. दगड थांबवा, तुकड्याचा गलेट दगडाच्या कडेवर बसवा आणि मागून टॉर्च धरा. उजेडाची फट कुठून दिसते तिथे अजून घ्यायचे आहे. दोन-तीन वेळा थांबवून, बघून, परत घेऊन हा आकार साधतो. तुकडा मिळत नसेल तर नवा पट्टा आल्या दिवशी त्याच्या दातांचा आकार पत्र्यावर गिरवून कापून घ्या. चार वेळा धार लावल्यावर मूळ आकार कोणाच्याच लक्षात राहत नाही.

दगडाची जाडीही इथे येते. दोन दातांच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश जाडी धरा. २२ मि.मी. अंतराच्या अरुंद पट्ट्याला ६-७ मि.मी., ४० मि.मी.च्या रुंद पट्ट्याला १२-१३ मि.मी. फार पातळ दगडाने गलेट अरुंद आणि खोल होतो, त्यात भुसा कोंबला जातो.

हिऱ्याचा ड्रेसर वापरत असाल तर तो दगडाच्या फिरण्याच्या दिशेकडे १० ते १५ अंश कललेला ठेवा. एका वेळी ०.०२-०.०३ मि.मी.च घ्या आणि हिरा अधूनमधून थोडा फिरवा म्हणजे एकीकडेच सपाट होणार नाही. तापलेल्या हिऱ्यावर पाणी टाकू नका, तो तडकतो. हिऱ्याला खूप हळू सरकवले तर दगड साफ होण्याऐवजी गुळगुळीत होतो, मग ड्रेसिंग करूनही पट्टा जळतो आणि काय चुकले ते कळत नाही.

कधी करायचे? दगड पट्टा जाळायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. आठ मीटरच्या पट्ट्यात ४० मि.मी. अंतराने दोनशे दात असतात. प्रत्येक पट्टा चढवण्याआधी स्टिकचा हलका हात द्या, आणि पट्ट्याचे एक आवर्तन झाले की कड बघा. बल्लारशाचा साग असेल तर आणखी लक्ष ठेवा. सागात सिलिका असते, दात जास्त बोथटून येतात, धारेत जास्त पोलाद काढावे लागते आणि दगडावर भार पडतो.

७. धार चालू असताना दगडाकडे लक्ष

पट्टा चढवण्याआधी डिंक आणि भुसा काढा. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसता येतो, पण नंतर कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडा करा. ओला पट्टा ठिणग्यांखाली नेऊ नका.

एका फेऱ्यात ०.०२ ते ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त काढायचे नाही. दाताचे टोक अर्धा मिलिमीटर बोथटले असेल तर ते एका फेऱ्यात निघत नाही, बारा-पंधरा फेरे लागतात. ते लागू द्या. सकाळी मिल सुरू व्हायची घाई असते तेव्हाच खोल घास घेतला जातो आणि त्या दिवशी जळालेला पट्टा पुढच्या आठवड्यात तुटतो. पट्टा लवकर उतरवा, हा यावरचा खरा उपाय आहे. दोन-तीन तास कापून उतरवलेल्या पट्ट्याला थोडीच धार लागते.

आवाज ऐका. चांगला दगड एकसारखा ‘खस्स खस्स’ करतो आणि ठिणग्यांचा झोत भरगच्च, सारखा असतो. आवाज किंचाळीसारखा चढला, ठिणग्या कमी झाल्या की दगड घासतो आहे. लगेच थांबवा, ड्रेस करा. दाताच्या बाजूला पोलादाची जाड, लांब किनार (बर) उठली असेल तरी हाच इशारा समजा.

शेवटचे एक-दोन फेरे नवा घास न देता फिरवा. दोनशे दात घासताना दगडही झिजतो, त्यामुळे पहिला दात आणि शेवटचा दात यांची उंची वेगळी येते. विना-घासाच्या फेऱ्याने ती सारखी होते. पहिल्या दातावर खडूची खूण करा, पट्ट्याच्या जोडाजवळ सुरुवात करू नका.

निळा डाग दिसलाच तर? एमरी कागदाने रंग पुसून टाकू नका. रंग जातो, खालचा कडक थर तसाच राहतो. तपासायला बारीक कानस गलेटच्या तळावर फिरवा. चांगल्या पोलादावर ती धरते, जळालेल्या जागेवर काचेवरून सरकावी तशी घसरते. दगड ताजा ड्रेस करा, ०.०२ मि.मी.चे हलके फेरे द्या आणि रंग गेल्यावरही कानस धरेपर्यंत आणखी दोन-तीन फेरे घ्या. बारीक तडा आधीच पडला असेल तर तोही पूर्ण निघेपर्यंत घासावे लागते. खोल असेल तर तो पट्टा मिलवर चढवू नका.

पाणी किंवा तेलकट पाणी सोडून धार लावणाऱ्यांसाठी एक सूचना. काम संपले की आधी पाणी बंद करा, दगड एक-दोन मिनिटे मोकळा फिरवून कोरडा होऊ द्या, मग मोटर बंद करा. ओला दगड तसाच थांबवला तर पाणी खालच्या भागात उतरते, एक बाजू जड होते आणि सकाळी सुरू करताना तो जोरात थरथरतो.

८. सीबीएन चाक असेल तर

आडव्या मिलच्या सव्वा-दीड इंची पट्ट्यांसाठी सीबीएन, म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइडची चाके आता बरीच दिसतात. चाक पोलादाचे असते, त्यावर दाताचा पूर्ण आकार कोरलेला असतो आणि निकेलच्या मुलाम्यात कणांचा एकच थर बसवलेला असतो. दाताचा चेहरा, गलेट आणि पाठ एकदमच घासली जाते.

वर सांगितलेले ड्रेसिंग इथे पूर्ण वर्ज्य. स्टिक लावली की तो एकुलता थर गेला, चाक संपले.

चाकाचा आकार आणि पट्ट्याचा आकार जुळलाच पाहिजे. १०/३० असे लिहिलेले असेल तर दाताचा कल १० अंश आणि पाठ ३० अंश. ९/२९ च्या पट्ट्यावर हे चाक चालवले तर सगळा भार एकाच रेषेवर येतो आणि तिथला मुलामा आधी उडतो.

तेलाची धार आधी सुरू करा, ती नेमकी दात आणि चाक भेटतात तिथे पडते आहे का बघा, मग चाक टेकवा. कोरडे एक दातसुद्धा घासू नका. पाण्याऐवजी तेल का, तर तापलेल्या जागी पाण्याची वाफ सीबीएनच्या कणाला खाते. टाकीत चुंबक ठेवा, त्यावर साठलेला कीस रोज पुसा. तेल चिखलासारखे झाले की बदला, कारण गढूळ तेल कीस परत चाकावर आणून टाकते. चाक मळले तर स्वच्छ तेल आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.

आकारातल्या उंच भागावर चकचकीत टक्कल दिसू लागले की मुलामा गेला. ते चाक काढा. नवा मुलामा चढवून मिळत असेल तर पोलादी अंगावर ओरखडे पडायच्या आधीच पाठवा.

९. साठवण

दगड कोरड्या जागी, लाकडी खाचांच्या मांडणीत कडेवर उभे ठेवा. पातळ दगड सपाट फळीवर आडवे, मध्ये पुठ्ठा घालून. त्यांच्यावर पान्यांचा डबा ठेवू नका. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात दगड जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवले की ओल धरतात. फडताळ जमिनीपासून वर, भिंतीपासून सुटे ठेवा. ओल लागलेला व्हिट्रिफाइड दगड सावलीत काही दिवस वाळवून, वाजवून मग वापरता येतो. राळेचा दगड ओलीने कमजोर होतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

१०. दगड कधी काढायचा

फ्लँज आणि कड यांच्यात गलेटच्या खोलीपेक्षा थोडीच जास्त जागा उरली, ड्रेसिंग करूनही तो दहा-पंधरा दातांत चकाकला, बाजूला केसाएवढी रेघ दिसली किंवा कडेचा टवका उडाला, यांतले काहीही झाले की दगड उतरवा. उतरवल्यावर त्याचा शेवटचा व्यास आणि त्याने केलेल्या पट्ट्यांची संख्या वहीत लिहा. चार-पाच दगडांच्या नोंदी जमल्या की तुमच्या लाकडाला आणि तुमच्या पट्ट्याला कोणती ग्रेड लागते, हे पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारावे लागणार नाही.